कमान आणि हमी

आमच्या बाभुळगाव तालुक्यातून बेंबळा वाहते आणि तिच्या दोन्ही अंगांना काळी जमीन आहे. या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात त्या अशा, की कोपरापर्यंत हात जावा. आणि मृगाचे दोन पाऊस झाले की हीच जमीन माणसाच्या पायातली वहाण काढून ठेवून घेते. या काळीतून शेतावर जाण्याचा जो मार्ग, त्याला आमच्याकडे पांदण म्हणतात. दोन्ही बाजूंना बाभळी, मध्ये दोन खोल चाकोऱ्या आणि त्या दोहोंच्या मध्ये गवताचा उंचवटा. पूर्वी या चाकोऱ्या बंडीच्या असत. आता ट्रॅक्टरने त्या दुप्पट खोल केल्या आहेत.

गेल्या दिवाळीत या पांदणीने आमच्या घरात एक वाद उत्पन्न केला. माझा भाचा पुण्याहून नवी गाडी घेऊन आला होता. चारही चाकांना इंजिनाची ओढ असणारी, डोंगरदऱ्यांतून जाण्यासाठी म्हणून घेतलेली. गाडी कोणत्या कंपनीची ते सांगत नाही. वाद घरचा आहे. वसुबारसेच्या दिवशी आईला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, शेतावर न्यावे असा त्याचा बेत होता. तिच्या कमरेचे ऑपरेशन होऊन आठ महिने झाले होते आणि तेवढ्या काळात तिने आपली कपाशी पाहिली नव्हती. नाल्याच्या अलीकडे गाडीचे पोट त्या मधल्या उंचवट्यावर असे काही खरडले, की बहिणीने डोळे मिटून घेतले आणि भाच्याने गाडी मागे घेतली. शेत तसेच राहिले.

रात्री फराळाच्या वेळी तो म्हणाला, "मामा, गाडी दोन इंच उचलून घेतो. स्प्रिंगा बदलायच्या, शॉक-ॲब्सॉर्बर बदलायचे. एका दिवसाचं काम आहे."

दुसऱ्या दिवशी आम्ही यवतमाळला एका मिस्त्रीकडे गेलो. त्याने गाडीखाली शिरून पाहिले, हात पुसले आणि म्हणाला, "उचलून देतो जी. त्यात काय मोठं! पन मंग कंपनीवाल्याच्या दारात जाऊ नका. थो पुस्तकच दाखवते."

ते पुस्तक म्हणजे गाडीबरोबर मिळालेले हमीपत्रक. मी चष्मा लावून ते वाचले. बहुतेक कंपन्यांची अशी पत्रके एकाच साच्याची असतात. कारखान्याने मान्य न केलेला भाग बसवला आणि त्यामुळे काही बिघडले, तर जबाबदारी आमची नाही, असा त्यांचा मथितार्थ. भाच्याचे म्हणणे, हा अन्याय आहे. गाडी माझी, पैसे माझे. मला मात्र त्या पत्रकाने वेगळ्याच नादाला लावले. गाडीला कमान कधी आली आणि हमी कधी आली, हे शोधीत मी पुढचे काही महिने घालवले. त्यातले थोडे येथे सांगतो.

आरंभ गावापासूनच करतो. बाभळीवरून नाव पडलेल्या गावात गाडीविषयी बोलताना बाभूळ विसरून चालणार नाही. कारण तिचे लाकूड चिवट, आणि गाडीच्या चाकाला तेच लागे. माझ्या लहानपणी आमचा वाढई चाकाचा तुंबा आणि आरे बाभळीचे करी. चाकावर लोखंडी धाव चढवण्याचा दिवस हा आम्हां पोरांचा सण असे. गोवऱ्यांच्या आगीत धाव लाल होई. मग वाढई आणि लोहार दोघे चिमट्यांनी ती उचलून लाकडी चाकावर बसवीत, लाकूड धुमसू लागे, आणि लगेच घागरींनी पाणी ओतले जाई. लोखंड आकसून चाकाचे सगळे सांधे असे आवळून धरी, की त्यात खिळा मारण्याचे कारण पडत नसे. या बंडीला कमान नव्हती. खड्ड्याचा जो धक्का चाकाला बसे तोच बसणाऱ्याच्या मणक्याला. त्यावर उपाय एकच, खाली कडबा पसरायचा आणि वर भुशाचे पोते टाकायचे. बाळंतीण माहेराहून निघाली की तिच्यासाठी दोन पोती.

आणि हमी? ती बोलण्यात कुठेच नव्हती. कारण चाक करणारा, ते दुरुस्त करणारा आणि त्यासाठी खळ्यावर बलुते घेणारा माणूस एकच. आरा मोडला तर 'तू जास्त माल भरलास' किंवा 'तू ओले लाकूड वापरलेस' असा वाद ओसरीवर होई खरा, पण तो संपे तोवर नवा आरा बसलेलाही असे. हे सांगताना मला जुन्या काळाचे गोडवे गावयाचे नाहीत. गाडीला वाढयाची हमी होती; वाढयाला कोणाचीच नव्हती. खळे रिकामे गेले त्या वर्षी त्याचे घरही रिकामे.

कमान आली ती टांग्याबरोबर, शहरातून. इंग्लंडात ओबाडिया इलियट नावाच्या गाड्या बांधणाऱ्या कारागिराने १८०४ च्या सुमारास पोलादी पट्ट्यांची लंबवर्तुळाकार कमान गाडीच्या आसावर बसवली आणि घोडागाडीची बांधणीच हलकी झाली. तोवर गाडीचे धूड चामड्याच्या पट्ट्यांवर टांगीत असत. आपल्या मिस्त्रीलोकांच्या भाषेत या पट्ट्यांना पाटे म्हणतात. लांब पाटा वर, त्याखाली आखूड, त्याखाली आणखी आखूड, आणि सगळे मध्यभागी एका बोल्टने जखडलेले. भार आला की पाटे सपाट होऊ पाहतात, एकमेकांवर घासतात, आणि त्या घासण्यातच धक्क्याचा काही भाग विरून जातो. स्प्रिंग भाराच्या प्रमाणात वाकते, हा नियम रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाने १६७८ मध्येच छापला होता. पण गाडीवाल्याच्या दृष्टीने महत्त्वाचा हिशेब पुढचा आहे. पाट्यांची संख्या दुप्पट केली तर कमान दुप्पट ताठ होते. पाट्यांची जाडी दुप्पट केली तर मात्र आठपट ताठ होते. या आठपटीत पुढे पुष्कळांच्या कमरा मोडल्या.

मोटारीने घोडागाडीची कमान जशीच्या तशी उचलली. खडकाळ मुलुखातून जाणारी गाडी म्हणून जी जगात गाजली त्या जीपलाही तीच होती. तिचा जन्म घाईतला. १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकन सैन्याने १३५ कारखानदारांना विचारले, की लहान, हलकी, चारही चाकांनी ओढणारी गाडी कोण करून देईल? बँटम नावाच्या लहानशा कंपनीने कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्याला बोलावून नमुना तयार केला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी तो सैन्याच्या हवाली केला. पुढे विलिस कंपनीचा साठ अश्वशक्तीचा नमुना पसंत पडला आणि विलिस व फोर्ड यांनी मिळून महायुद्धात सहा लाखांहून अधिक जीपा बांधल्या. चार चाकांवर चार पाट्यांच्या कमानी आणि त्यांना जोडीला तेलाचे शॉक-ॲब्सॉर्बर. स्प्रिंग धक्का गिळते, पण गिळून उचक्या देत राहते. त्या उचक्या थांबवणे हे या नळकांड्यांचे काम. सैन्याच्या गाडीला हमीपत्रक नसते. मोडली तर तेथेच दुसरी उभी असते.

युद्ध संपले आणि या जीपा जगभर मोडीच्या भावाने विकल्या जाऊ लागल्या. त्यातून आपल्या नव्या राष्ट्राला जो पहिला मोठा धडा मिळाला तोही हमीचाच. १९४८ मध्ये काश्मीरसाठी जीपा तातडीने हव्या होत्या. लंडनमधील आपले हायकमिशनर व्ही. के. कृष्ण मेनन यांनी नेहमीची रीत बाजूला ठेवून एका परदेशी पेढीशी सुमारे ८० लाख रुपयांचा करार केला. बरेचसे पैसे आधीच दिले गेले. हाती आल्या त्या १५५ जीपा. वापरलेल्या, डागडुजी केलेल्या. संसदेत मोठे वादळ झाले, चौकशी झाली, आणि ३० सप्टेंबर १९५५ रोजी गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत यांनी हे प्रकरण मिटल्याचे जाहीर केले. जुन्या गाडीला नवा रंग दिला की खरेदी करणाऱ्याची नजर कुठे फसते, हे आमचा मिस्त्री एका दृष्टिक्षेपात सांगेल. राष्ट्राला त्यासाठी सात वर्षे लागली.

दरम्यान मुंबईस निराळीच गोष्ट घडत होती. जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र महिंद्र या बंधूंनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासह १९४५ मध्ये पोलादाचा व्यापार सुरू केला होता. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तेथले पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढे गव्हर्नर-जनरलही; १९४८ मध्ये पेढीच्या नावातला 'मोहम्मद' जाऊन तेथे दुसरा 'महिंद्र' आला. याच पेढीने विलिसच्या परवान्याने माझगावला जीपा जोडावयास सुरुवात केली. खेड्यापाड्यांत जीप पोहोचली ती मात्र सरकारी खात्यांबरोबर. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि 'बीडीओसाहेबांची जीप' हा शब्द मराठीत रुळला. आमच्या पांदणीत रुतलेली पहिली मोटारही अशाच कुठल्याशा खात्याची होती. ती काढायला चार बैल लागले, आणि बैलवाल्याने साहेबाकडून पैसे घेतले नाहीत याचा त्याला जन्मभर अभिमान होता.

या जीपा सरकारातून लिलावात निघाल्या आणि आमच्या भागातल्या मिस्त्रींच्या हाती पडल्या, तेव्हा कमानीचा खरा इतिहास सुरू झाला. त्यानंतरचे दिवस काळी-पिवळीचे. यवतमाळ-धामणगाव रस्त्यावर ज्यांनी काळी-पिवळीने प्रवास केला आहे त्यांना तिच्यात माणसे किती बसत हे सांगावयास नको. मागे सहा, मध्ये पाच, पुढे चार, टपावर ज्वारीचे पोते आणि मागच्या पायरीवर दोघे तरुण. कारखान्याने दिलेली कमान या भाराखाली उलटी वाकली की मिस्त्री म्हणे, "पाटा बसला." मग तो एक जादा पाटा घाली. तेवढ्याने भागले नाही तर जाड पाटा. आणि बसलेला जुना पाटा लोहाराच्या भात्यावर तापवून पुन्हा गोल करीत. या शेवटच्या कामात मोठा धोका असे. पोलादाला पाणी दिलेले असते ते तापवून उतरते, आणि ते पुन्हा नेमके देणे हे ज्याला जमे तो शंभरात एक. बाकीच्यांचे पाटे एक तर पुन्हा बसत, नाही तर काचेसारखे तडकत.

तरीही त्या मिस्त्रींविषयी माझ्या मनात आदरच आहे. तडकलेला पाटा घेऊन माणूस परत आला तर मिस्त्री त्याला कागद दाखवीत नसे. वाढयाची जुनी रीत तेथे काही काळ जिवंत राहिली. मात्र दरीत गेलेल्या गाडीतला माणूस परत येऊन तक्रार करीत नाही, हेही तितकेच खरे.

भाच्याला मी हे सांगत होतो तेव्हा त्याने मला थांबवले. "मामा, आता पाटे कुठे राहिले? स्प्रिंगा आल्या." त्याचे बरोबर आहे. खुद्द महिंद्रांची २०१० मधली थार पाहा. पुढे टॉर्शन बार, म्हणजे पिळली जाणारी सळई, आणि मागे पाटे. २०२० मध्ये आलेल्या नव्या थारमध्ये मागचे पाटे जाऊन गुंडाळीच्या स्प्रिंगा आल्या. पण गाडी उचलण्याचे गणित दोहोंनाही चुकत नाही. दोन इंच उंच स्प्रिंग बसवली की गाडीचे पोट वर जाते. परंतु मागे एकसंध आस असेल तर आसाच्या मध्यावरचा तो डिफरन्शियलचा गोळा होता तेथेच राहतो. तो चढतो फक्त मोठ्या टायरने. फिरत्या दांड्याचा कोन बदलतो आणि त्याचे सांधे लवकर झिजतात. ब्रेकच्या नळ्या ताणल्या जातात. स्टिअरिंगचे दांडे तिरके होतात. गाडीचा भार वर सरकतो. उंच आणि आखूड गाडी वळणावर किती सहज कलंडते, याची चर्चा अमेरिकेत १९८० मध्ये दूरचित्रवाणीवर झाली होती. ती गाडी होती जीपचेच पुढचे रूप, सीजे-५. आणि शेवटचे, जे आमच्या घरातल्या वादाच्या मुळाशी होते. उंच स्प्रिंग पुष्कळदा अधिक ताठही असते. म्हणजे पोट खरडणार नाही. पण धक्का पुन्हा मणक्यालाच. ज्या कमरेसाठी हा खटाटोप, तिलाच.

आता हमीकडे वळतो. ग्राहकाने डोळे उघडे ठेवून माल घ्यावा, नंतर रडू नये, असा इंग्रजी कायद्याचा जुना दंडक. आपल्याकडे १९३० च्या माल विक्री अधिनियमाने त्याला मुरड घातली. माल ज्या कामासाठी घेतला त्या कामाला तो योग्य असावा, ही अट काही प्रसंगी न लिहिताही लागू केली. पण त्याच कायद्याचे ६२ वे कलम म्हणते, की उभयतांनी करार केला तर अशा न लिहिलेल्या अटी वगळता येतात. कारखानदारांचे हमीपत्रक बारीक अक्षरांत का असते, त्याचे उत्तर या फटीत आहे.

अमेरिकेत या बारीक अक्षरांवर दोन मोठे खटले झाले. पहिला १९१६ चा. ब्यूइक कंपनीच्या मोटारीच्या लाकडी चाकाचे आरे मोडून मॅक्फर्सन नावाचा गृहस्थ जखमी झाला. कंपनी म्हणाली, चाक आम्ही केलेच नाही, दुसऱ्याकडून विकत आणले; आणि गाडीही या गृहस्थाला आम्ही नाही, दुकानदाराने विकली. न्यायमूर्ती कार्डोझो यांनी ते मानले नाही. गाडी ज्याने जोडून बाजारात आणली त्याने चाक तपासावयास हवे होते, असा निकाल पडला. आमच्या वाढयाला हा निकाल ऐकवला असता तर त्याने विचारले असते, की यासाठी कोर्टात कशाला जावे लागले?

दुसरा खटला याहून घरगुती. न्यू जर्सीत क्लॉस हेनिंगसन यांनी १९५५ च्या मे महिन्यात 'मातृदिना'ची भेट म्हणून बायकोसाठी प्लिमथ गाडी घेतली. दहाबारा दिवसांत, ४६८ मैल झाले असताना, स्टिअरिंग हातात गरकन फिरले आणि गाडी भिंतीवर गेली. हमी होती ९० दिवसांची किंवा ४,००० मैलांची. पण ती एवढीच, की बिघडलेला भाग ग्राहकाने वाहतुकीचे भाडे स्वतः भरून कारखान्याकडे पाठवावा आणि कारखान्याला पटले तर त्याने तो बदलून द्यावा. बाईंच्या दुखापतीचे नावही त्यात नव्हते. बहुतेक सगळे मोटार कारखानदार हेच पत्रक वापरीत, तेव्हा ग्राहकाने जावे कुठे? १९६० मध्ये न्यायालयाने सांगितले, की अशा कागदाआड लपता येणार नाही. पुढे १९७५ मध्ये तेथे कायदाच झाला. बाहेरचा भाग बसवला एवढ्यावरून हमी रद्द होत नाही. त्या भागामुळेच बिघाड झाला हे कारखानदाराने दाखवावे लागते.

भाच्याने हे ऐकले आणि तो जवळजवळ उठून उभा राहिला. मला त्याला पुन्हा बसवावे लागले. कारण तो कायदा अमेरिकेचा. आपल्याकडे १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला, जिल्ह्याच्या ठिकाणी दाद मागण्याची सोय झाली, आणि २०१९ च्या नव्या कायद्याने सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीची जबाबदारी स्पष्ट लिहिली. पण त्याच कायद्याच्या ८७ व्या कलमात आहे, की हानी झाली त्या वेळी वस्तूत फेरफार केलेला असेल तर विक्रेत्याविरुद्ध तसा दावा चालत नाही. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलमही आहेच. नोंदणीपुस्तकातला तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. ९ जानेवारी २०१९ रोजी केरळातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच कलम कडकपणे लावले. प्रत्येक स्प्रिंग या कलमात येते असे मी म्हणत नाही. पण अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस गाडीखाली वाकून पाहतो तेव्हा तो कोणते कलम मनात घेऊन वाकला आहे, हे मालकाला आधी कळत नाही.

हे सगळे ऐकून भाचा म्हणाला, "म्हणजे मी काहीच करायचं नाही?"

मी म्हटले, विचार तर खरे. तेव्हा त्याने दोन ठिकाणी विचारले. मिस्त्रीला म्हणाला, गाडी उचलल्यावर काही बिघडले तर जबाबदारी माझी, असे लिहून द्या. मिस्त्री हसला. "शब्द देतो जी, कागद नाही देत." विक्रेत्याला त्याने पत्र लिहिले, की कारखान्याने मान्य केलेला असा काही संच आहे काय, आणि तो बसवल्यास हमी कायम राहील हे लेखी द्याल काय. त्याचे उत्तर चौदा दिवसांनी आले. त्यात गाडी घेतल्याबद्दल अभिनंदन होते.

या सगळ्या काळात जिला विचारावयाचे तिला कोणीच विचारले नव्हते. एक दिवस बहीणच म्हणाली, "अरे, गाडी आत्ताच एवढी उंच आहे की मला चढताना कमरेत कळ येते. आणखी दोन इंच वर नेली तर मला काय शिडीनं चढवणार आहेस?"

संक्रांतीला आम्ही पुन्हा शेतावर निघालो. पांदण वाळली होती. भाच्याने चारही टायरांतली हवा वीस पौंडांपर्यंत उतरवली. टायर पसरला की तो स्वतःच थोडीशी कमान होतो. मात्र डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी हवा पुन्हा भरावी लागते. मधल्या उंचवट्याचा तीसेक हात तुकडा आम्ही कुदळीने छाटला आणि नाल्याजवळच्या चाकोऱ्यांत मुरमाची सात घमेली टाकली. बहिणीच्या सीटवर मी भुशाचे पोते ठेवू लागलो, तर तिने ते काढून गादी मागितली. गाडी पोहोचली. कपाशीची वेचणी जवळजवळ उरकली होती. तिने उरलेली बोंडे पाहिली आणि वेचणीवाल्या बायांशी तासभर बोलत बसली.

हमी संपण्याची तारीख भाच्याने आमच्या देवळीजवळच्या दाराच्या मागे खडूने लिहून ठेवली आहे. त्यापुढे लिहिले आहे 'स्प्रिंगा'. त्याखाली बहिणीच्या अक्षरात आणखी एक ओळ आहे: 'आधी पायरी लावून घेणे.'